कोपऱ्यातील वाद्य

ताशाच्या काड्या आणि ढोलाचे टिपरू मिरवणुकीत एकत्रच दिसतात. परंतु ताशेवाल्याच्या हाती अकस्मात टिपरू दिले, तर तो क्षणभर चाचरतो. हात तेच, तालही तोच. पण हातातील वस्तू बदलली की मनगटाची जुनी सवय आड येते. पाश्चात्त्य संगीतात हा फरक याहूनही मोठा आहे. तेथे चामड्याने मढविलेले ड्रम वाजवावयाचे ते लाकडी काठ्यांनी. आणि स्वरांच्या पट्ट्या असलेली वाद्ये वाजवावयाची ती मॅलेट नावाच्या गोल डोक्याच्या हलक्या दांड्यांनी. ड्रम ताल देतो, पट्ट्यांचे वाद्य गाणे गाते. एकाच माणसाला ही दोन्ही कामे सारखीच साधणे कठीण. अमेरिकेतील एका ड्रमवादक तरुणाने वयाच्या बाविसाव्या वर्षी हातातील काठ्या खाली ठेवून मॅलेट उचलले, आणि ज्या वाद्याकडे तोवर कोणी फारसे लक्ष देत नव्हते, त्याला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. त्या तरुणाचे नाव लायोनेल हॅम्प्टन.

लायोनेलचा जन्म २० एप्रिल १९०८ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल या शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तो तान्हा असतानाच आई त्याला घेऊन आपल्या माहेरी, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे गेली. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना पदोपदी अपमान सोसावा लागे. त्यांच्या शाळा निराळ्या, आगगाडीतील डबे निराळे, पाणी पिण्याचे नळसुद्धा निराळे. या जाचाला कंटाळून हजारो कुटुंबे उत्तरेकडील शहरांची वाट धरू लागली होती. लायोनेलचे कुटुंबही त्याच वाटेने निघाले, आणि १९१६ च्या सुमारास शिकागो शहरी स्थायिक झाले.

मुलाला तालाचे वेड होते. हाती येईल ती वस्तू तो बडवीत असे. अशी मुले घरोघरी असतात, आणि त्यांच्या या उद्योगाने वडील माणसे त्रासून जातात, हेही खरे. लायोनेलचे नशीब एवढेच, की त्याच्या बडविण्याला लवकरच वळण लागले. त्याला कॅथलिक पंथाच्या एका शाळेत घातले होते. तेथे बासरी आणि ड्रम यांचे मुलांचे पथक असे, आणि ते शिकविण्याचे काम एका जोगिणीकडे होते. ड्रमचे मूळ धडे लायोनेलने तिच्यापाशी गिरविले. उजवा, डावा, उजवा, डावा. पुढे उजव्याचे दोन, डाव्याचे दोन. आघात समान बळाचे, त्यांतील अंतरही समान. आपल्याकडे पखवाजाचा विद्यार्थी जसा एकेक बोल हजारदा घोटतो, तसाच हा प्रकार.

शिकागोत त्या वेळी ‘शिकागो डिफेंडर’ नावाचे कृष्णवर्णीयांचे एक प्रसिद्ध वृत्तपत्र निघत असे. ते रस्त्यावर विकणाऱ्या मुलांसाठी वृत्तपत्राने एक वाद्यवृंद काढला होता, आणि त्याची धुरा मेजर क्लार्क स्मिथ या शिस्तप्रिय शिक्षकाकडे सोपविली होती. त्या वाद्यवृंदात प्रवेश मिळावा म्हणून लायोनेल वर्तमानपत्रे विकू लागला. तेथे त्याला ड्रम मिळाला, स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळाले. शिवाय जिमी बर्ट्रंड नावाच्या एका नामांकित ड्रमवादकापाशी तो झायलोफोन शिकला. झायलोफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचे वाद्य. लांब पट्टीतून खर्जाचा, आखूड पट्टीतून तारेचा स्वर निघतो. बर्ट्रंड ड्रम आणि झायलोफोन ही दोन्ही वाद्ये वाजवीत असे, आणि मुलाने ते डोळे भरून पाहिले होते. परंतु लायोनेलच्या मनाचे पहिले प्रेम ड्रमच होते. झायलोफोन ही त्या काळी गमतीची जोड समजली जाई.

शाळा सोडल्यावर, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर असताना, तो पोट भरण्यासाठी कॅलिफोर्नियात गेला. लॉस एंजेलिस आणि आसपासच्या नृत्यगृहांत तो ड्रम वाजवू लागला, आणि कालांतराने लेस हाइट याच्या वाद्यवृंदात रुजू झाला. १९३० साली त्या भागातील ‘कॉटन क्लब’ नावाच्या नृत्यगृहात लुई आर्मस्ट्राँग आला. आर्मस्ट्राँग म्हणजे त्या काळच्या जॅझ संगीताचा मुकुटमणी. त्याच्या ट्रंपेटचे सूर ऐकण्यासाठी लोक दुरून येत. लायोनेलने त्याच्या ध्वनिमुद्रिका इतक्या वेळा ऐकल्या होत्या, की त्यांतील स्वररचना त्याला तोंडपाठ होत्या. आता तोच आर्मस्ट्राँग पुढे उभा राहून वाजवीत होता, आणि मागे ड्रमवर ताल धरीत होता लायोनेल!

१६ ऑक्टोबर १९३० हा दिवस उजाडला. आर्मस्ट्राँग आणि हा वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी जमला होता. खोलीच्या एका कोपऱ्यात एक विचित्र वाद्य पडले होते. दिसण्यात ते झायलोफोनसारखे; पण पट्ट्या लाकडाच्या नसून धातूच्या, खाली नळ्यांची रांग, आणि त्याला एक विजेचे यंत्र जोडलेले. ते होते व्हायब्रफोन. हे वाद्य बाजारात येऊन फार वर्षे झाली नव्हती. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये चारदोन मंजुळ स्वर वाजवावेत, किंवा नाटकगृहात एखाद्या प्रसंगी चमत्कृती म्हणून त्याचा नाद ऐकवावा, यापलीकडे त्याचा उपयोग होत नसे. आर्मस्ट्राँगचे लक्ष त्याकडे गेले, आणि हे वाजविता येईल काय, असे त्याने आपल्या ड्रमवाल्याला विचारले. पुढे हॅम्प्टनने ही हकीकत अनेकदा आनंदाने सांगितली.

लायोनेलपुढे दोन मार्ग होते. आपण ड्रमवादक आहोत, हे वाद्य आपले नव्हे, असे सांगून तो मोकळा होऊ शकला असता, आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. ध्वनिमुद्रण म्हणजे काही खेळ नव्हे. त्या काळी वाजविलेले सारे एका दमात मेणाच्या तबकडीवर कोरले जाई. मागाहून चूक खोडण्याची सोय नव्हती. आणि ज्याच्या ध्वनिमुद्रिका तोंडपाठ केल्या, त्याच्याचसमोर फजिती होण्याचा प्रसंग होता. पण लायोनेलने मॅलेट उचलले. पट्ट्यांची मांडणी झायलोफोनसारखीच, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांसारखी आहे, हे त्याच्या ध्यानात आले, आणि आर्मस्ट्राँगच्याच एका ध्वनिमुद्रिकेतील स्वररचना त्याने त्या पट्ट्यांवर वाजवून दाखविली. आर्मस्ट्राँग प्रसन्न झाला. त्या दिवशी मुद्रित झालेल्या ‘मेमरीज ऑफ यू’ या नव्या गीतात व्हायब्रफोनचे सूर घेण्यात आले. जॅझच्या ध्वनिमुद्रणात हे वाद्य मनोधर्माने वाजविल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

हे सारे वाचून असे वाटेल, की ज्याला ड्रम येतो त्याला व्हायब्रफोन आपोआपच येतो. वस्तुस्थिती तशी नाही; म्हणून या दोहोंतील भेद थोडा बारकाईने पाहिला पाहिजे.

ड्रमची काठी चांगल्या चिवट लाकडाची, हातात भरेल अशी, आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी असते. ताणलेल्या चामड्यावर तिचा आघात होताच चामडे तिला परत वर फेकते. या उसळीचा उपयोग करून घेणे, हीच ड्रमवादकाची कला. एका आघातात दोन ठोके काढावयाचे, ते या उसळीच्या बळावर. मॅलेटचा दांडा सडपातळ असतो, आणि टोकाला रबराचा गोळा असून त्यावर बहुधा सूत किंवा लोकर गुंडाळलेली असते. धातूची पट्टी त्याला चामड्यासारखी वर फेकीत नाही. वादकाने मॅलेट पट्टीवर टेकताक्षणी स्वतःच उचलून घेतला पाहिजे. तो रेंगाळला, तर पट्टीचा कंप दबतो आणि स्वर मुका होतो. ड्रमवादकाला वर्षानुवर्षे जे चामड्याने करून दिले, ते येथे मनगटाला करावे लागते.

दुसरी गोष्ट हाताच्या पकडीची. लष्करी कवायतीत ड्रम गळ्यात अडकविलेला असल्यामुळे तो एका बाजूस कलता राही. त्यामुळे डाव्या हाताचा तळवा वर करून, काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरून वाजविण्याची प्रथा पडली. त्या काळचे ड्रमवादक बसून वाजवीत तेव्हाही डावी काठी तशीच धरीत. पट्ट्यांच्या वाद्यावर ही रीत उपयोगी नाही. तेथे दोन्ही तळवे खाली, दोन्ही हातांची पकड एकसारखी. म्हणजे डाव्या हाताला आपली सवय मोडून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागते!

तिसरी अडचण नेमाची. पेटी वाजविणाऱ्याची बोटे पट्ट्यांवर टेकलेली असतात; अंधारातही त्याला वाट सापडते. मॅलेट वाजविणारा मात्र कशालाही स्पर्श करीत नाही. पट्ट्यांच्या दोन रांगांवरून त्याचे हात हवेत फिरत असतात, आणि एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतचे अंतर नजरेने आणि दंडाच्या अंदाजानेच मोजावे लागते. त्यातून पट्टीच्या दोन्ही टोकांकडे, जेथून ती दोरीवर तोललेली असते, तेथे आघात पडला तर नाद उमटत नाही. आघात मध्यावर पडावा लागतो. ड्रमवर इंच-दीड इंच इकडेतिकडे झाले, तर फार तर आवाजाचा पोत पालटतो. येथे तेवढ्याने स्वरच चुकतो, आणि तो साऱ्या सभेला ऐकू येतो.

झायलोफोन येत असल्याने लायोनेलला पट्ट्यांचे नकाशे ठाऊक होते, हा मोठाच आधार होता. परंतु तेथेही एक उलटा पाठ शिकणे भाग होते. लाकडाच्या पट्टीचा नाद चटकन विरतो. म्हणून तो लांबवायचा तर दोन्ही हातांनी तीच पट्टी भराभर वाजवीत राहावे लागते. धातूच्या पट्टीचा नाद वाजविल्यावर कितीतरी वेळ घुमत राहतो. त्याला आवरले नाही, तर मागचा स्वर पुढच्यात मिसळून सारा गलबला होतो. यासाठी व्हायब्रफोनला पायाने दाबावयाची एक पट्टी असते. ती दाबली की स्वर मोकळा वाहतो. सोडली की मऊ नमदा पट्ट्यांना टेकून तो थांबतो. नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या चकत्या विजेच्या यंत्राने फिरतात, आणि त्यामुळे स्वराला लाटांसारखी हेलकावणी मिळते. स्वर उमटविण्याइतकेच तो थांबविण्यालाही येथे महत्त्व आहे, आणि ड्रमवाल्याने याचा विचार पूर्वी फारसा केलेला नसतो.

मग ड्रमची एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली काय? मुळीच नाही. दोन्ही हात सारख्या ताकदीचे करणारे ते जुने धडे येथे उपयोगी पडले. हॅम्प्टन बहुधा दोनच मॅलेटांनी वाजवीत असे. पुढील काळातील वादकांनी दोन्ही हातांत मिळून चार मॅलेट धरून एकाच वेळी अनेक स्वर काढण्याची रीत रूढ केली. हॅम्प्टनचे सामर्थ्य निराळे होते. त्याच्या वादनात स्वरांइतकाच ताल बोलत असे. आघात कोठे पडावा, कोठे हूल देऊन मोकळी जागा सोडावी, हे त्याला ड्रमने शिकविले होते. ज्यांचा पिंड केवळ पियानोवर पोसला, त्यांच्या वादनात हा ठसका सहसा आढळत नाही, असे माझे मत आहे.

१९३० च्या त्या दिवसानंतर सारे जग त्याच्याकडे धावत आले असे मात्र घडले नाही. पोट ड्रमवरच भरत होते. ग्लॅडिस रिडल नावाची एक कर्तृत्ववान तरुणी त्याच्या परिचयाची होती. ती चित्रपटसृष्टीतील नट्यांसाठी कपडे शिवीत असे. लायोनेलने नव्या वाद्याचा पिच्छा सोडू नये, असा तिचा आग्रह असे. त्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेतले, आणि १९३४ साली स्वतःचा वाद्यवृंदही उभारला. तरीही १९३६ साली निघालेल्या ‘पेनीज फ्रॉम हेवन’ या चित्रपटात आर्मस्ट्राँगच्या मागे मुखवटा घालून जो वादक दिसतो, तो ड्रमच वाजवीत आहे. आणि तो हॅम्प्टन आहे!

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात बेनी गुडमन हा विख्यात क्लॅरिनेटवादक लॉस एंजेलिसला आला होता. हॅम्प्टन ज्या साध्यासुध्या उपाहारगृहात वाजवीत असे, तेथे गुडमन त्याला ऐकण्यासाठी गेला, आणि ऐकताऐकता स्वतःच क्लॅरिनेट घेऊन त्याच्या साथीला बसला. थोड्याच दिवसांत गुडमन, पियानोवादक टेडी विल्सन, ड्रमवादक जीन क्रूपा आणि व्हायब्रफोनवर हॅम्प्टन अशा चौघांनी मिळून ध्वनिमुद्रण केले. नोव्हेंबर महिन्यात हॅम्प्टन गुडमनच्या संचात सामील होण्यासाठी न्यूयॉर्ककडे निघाला, आणि वाटेतच त्याने ग्लॅडिसशी विवाह केला.

या चौकडीचे महत्त्व केवळ संगीतापुरते नव्हते. गुडमन आणि क्रूपा गोरे, विल्सन आणि हॅम्प्टन कृष्णवर्णीय. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत अशी मंडळी क्वचित एकत्र येत. परंतु लोकांसमोर एकाच व्यासपीठावर बसून वाजविणे त्या काळच्या अमेरिकेत जवळजवळ निषिद्ध मानले जाई. विल्सनने १९३६ सालीच गुडमनसमवेत शिकागोत ही मर्यादा ओलांडली होती. हॅम्प्टन आल्यावर ते पाऊल आणखी दृढ झाले. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, जेथे एरवी अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत, तेथे ही चौकडी वाजली. सभागृह खचाखच भरले होते. तरी कार्यक्रम संपून बाहेर पडल्यावर त्याच कृष्णवर्णीय वादकांना अनेक शहरांतील चांगल्या वसतिगृहांत जागा नाकारली जाई. ही विसंगती त्यांनी वर्षानुवर्षे सोसली.

क्रूपा आपल्या ड्रमवर असल्याने हॅम्प्टनला आता काठ्यांची गरज उरली नव्हती. पण १९३८ साली क्रूपा संच सोडून गेला, आणि नवा ड्रमवादक मिळेपर्यंत गुडमनच्या मोठ्या वाद्यवृंदाचा ताल कोण सांभाळणार, असा प्रश्न पडला. तेव्हा मॅलेटवाल्या हॅम्प्टननेच काही काळ पुन्हा काठ्या उचलल्या. आठ वर्षांपूर्वी काठ्यांवरून मॅलेटांकडे जाणे जितके अवघड, तितकेच हे परतणेही सोपे नसते. कारण मऊ हाताची सवय जडली, की ड्रमवर जोर कमी पडतो. हॅम्प्टनने दोन्ही हत्यारे घासूनपुसून ठेवली होती, म्हणून त्याला हे जमले.

त्याची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९३७ सालच्या काही ध्वनिमुद्रिकांत त्याने पियानो वाजविला आहे. पण तो दहा बोटांनी नव्हे! दोन्ही हातांच्या तर्जन्या ताठ करून, जणू काही ते दोन मॅलेटच आहेत अशा थाटात तो पियानोच्या पट्ट्यांवर विजेच्या वेगाने आघात करी. पियानोच्या शिक्षकांनी हे पाहून कपाळाला हात लावला असेल. ऐकणारे मात्र हसत आणि माना डोलावीत.

१९४० साली त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला, आणि त्याचा कारभार ग्लॅडिसने हाती घेतला. पैशाचा हिशेब, प्रवासाची व्यवस्था, वादकांचे करार हे सारे ती पाही. १९४२ साली मुद्रित झालेले ‘फ्लाइंग होम’ हे त्यांचे वादन अतिशय लोकप्रिय झाले. त्यांच्या कार्यक्रमांत हॅम्प्टन व्हायब्रफोनपाशी वाजवीतवाजवीत मध्येच ड्रमकडे धाव घेई, काठ्या हवेत उडवून झेली, आणि पुन्हा मॅलेट हाती घेऊन एखादी मंद, हळुवार चीज सुरू करी. जाणत्यांपैकी काहींना ही कसरत आवडत नसे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. काठ्या उडविण्याने संगीत उंचावत नाही. परंतु याच वाद्यवृंदाच्या शाळेत डायना वॉशिंग्टन, चार्ल्स मिंगस, क्विन्सी जोन्स, क्लिफर्ड ब्राउन अशी पुढे नामांकित झालेली कितीतरी मंडळी तयार झाली, हेही विसरता येत नाही.

१९७१ साली ग्लॅडिसचे निधन झाले. हॅम्प्टन वाजवीत राहिला. आयडाहो विद्यापीठातील जॅझ महोत्सवाला १९८५ साली, आणि तेथील संगीतशाळेला १९८७ साली त्याचे नाव देण्यात आले. १९९१ साली पॅरिस येथे भर कार्यक्रमात त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातांची पूर्वीची चपळता गेली. तरी तो मॅलेट घेऊन वाद्यापुढे बसतच असे. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कमधील त्याच्या घराला आग लागली, आणि जन्मभर जमविलेल्या वस्तू जळून गेल्या. त्याच महिन्यात तो राजधानीत गेला, आणि कलाक्षेत्रातील राष्ट्रीय पदक त्याने राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वीकारले.

२००१ साली वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयात तो अखेरचा वाजवावयास बसला. ३१ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याने देह ठेवला. आठवड्याने त्याची अंत्ययात्रा निघाली ती हार्लेम भागातील कॉटन क्लबपासून. ज्या नृत्यगृहात बाविसाव्या वर्षी तो आर्मस्ट्राँगच्या मागे ड्रम वाजवीत बसे, त्याचेही नाव हेच होते; पण ते हजारो मैल दूर, पश्चिम किनाऱ्यावर. यात्रेत जॅझ वाजत होते.